टाकीचं जुळं

सिनॉप्सिसच्या पहिल्या ड्राफ्टवर आमच्या प्रोजेक्टचं नाव होतं 'स्मार्ट फॅक्टरीचं एआय-बेस्ड डिजिटल ट्विन विथ प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स'. दोन ओळींत मावेना म्हणून फॉन्ट बारीक केलेला. डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या मशीनचं कॉम्प्युटरमधलं जुळं. चौघांचा ग्रुप. त्यातला एक ब्लेंडर (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) शिकलेला, एक पायथनवाला, एकीचं इंग्रजी चांगलं म्हणून रिपोर्ट तिच्या गळ्यात, आणि चौथा मी, ज्याला नक्की काय येतं हे अजून ठरायचं होतं. पीपीटीत आम्ही रोबोट आर्म टाकला होता, कन्व्हेयर टाकला होता, आणि निळ्या उजेडातली एक फॅक्टरी टाकली होती जिच्यात एकही माणूस नव्हता आणि फरशी आमच्या घरच्या देवघरापेक्षा स्वच्छ होती.

गाईड मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठली फॅक्टरी?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कुठली म्हणजे काय, फॅक्टरी. कुठलीपण.

"बरं. तिच्यातलं मशीन कुठलं?"

ब्लेंडरवाला म्हणाला, मॅडम, आपण जनरिक मॉडेल करतोय. त्यावर मॅडम हसल्या. "अरे, जुळं जनरिक असतं का? कुणाचं तरी असतं ना ते? आधी हे सांगा की तुमचं कुणाचं आहे." आणि मग सिनॉप्सिस परत करत म्हणाल्या, "लॅबमध्ये चालू स्थितीत काय आहे ते बघून या. त्यातलं एक घ्या. एकच."

आता कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमेशन लॅबमध्ये चालू स्थितीत काय असणार हे ज्यांनी अशी लॅब बघितलीय त्यांना सांगायला नको. लिफ्टचं मॉडेल होतं, त्याची दोरी तुटलेली. ट्रॅफिक सिग्नलचं किट होतं, त्यात फक्त लाल लागायचा. बॉटल फिलिंगचा कन्व्हेयर होता, पण त्याचा पट्टा कुणीतरी गॅदरिंगच्या स्टेजसाठी नेला तो परत आलाच नाही. राहिली ती टाकी. अ‍ॅक्रिलिकची, ३० बाय ३० सेंटिमीटर तळाची, ६० उंच, खाली एक ड्रम, ड्रममधनं पाणी वर चढवायला एक छोटा पंप, टाकीच्या बुडाशी अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह, आणि बाजूच्या पॅनलमध्ये एक जुना पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर. अ‍ॅक्रिलिकवर पांढरे क्षाराचे पट्टे. शेवाळाची एक बारीक हिरवी रेघ, साधारण ३५ सेंटिमीटरवर, म्हणजे पाणी सुट्टीभर तिथंच थांबलं असणार.

फॅक्टरीवरनं आम्ही टाकीवर आलो. दुसऱ्या दिवसापासून वर्गात आमचं नाव 'सिंटेक्स गँग'.

खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे मी मनातनं रुसलेलोच होतो. बाकीचे ग्रुप ड्रोन करतायत, फेस रेकग्निशन करतायत, एक ग्रुप तर सरळ रेडीमेड प्रोजेक्ट आणणार होता (ते दुकानवाले हार्डवेअर, रिपोर्ट, पीपीटी आणि व्हायव्हाची प्रश्नोत्तरं असं पॅकेजच देतात, हल्ली प्लेजरिझम रिपोर्टसकट), आणि आम्ही काय, तर टाकी भरते आणि टाकी रिकामी होते. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यात काय बघायचं? भरली की वाहते."

हे वाक्य पुढं फार महागात पडलं, ते येईलच.

रुसव्यात बसून थोडं वाचलं. डिजिटल ट्विनवरचा कुठलाही लेख उघडा, तो दोनच ठिकाणांहून सुरू होतो. एक म्हणजे मायकल ग्रीव्ह्ज, ज्यांनी २००२ साली मिशिगन युनिव्हर्सिटीत ही कल्पना मांडली की प्रत्येक खऱ्या वस्तूबरोबर तिची एक माहितीतली वस्तू असावी आणि दोघींत डेटाची ये-जा चालू असावी. तेव्हा तिला हे नाव नव्हतं, 'डिजिटल ट्विन' हा शब्द नंतर नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्याकडनं आला. आणि दुसरं ठिकाण म्हणजे अपोलो १३. एप्रिल १९७०, चंद्राकडं जाताना ऑक्सिजनची टाकी फुटली, खाली जमिनीवर सिम्युलेटर होते, त्यांच्यावर करून बघून इंजिनिअरांनी परत यायच्या स्टेप्स ठरवल्या, तिन्ही अंतराळवीर सुखरूप घरी. हेच बघा पहिलं डिजिटल ट्विन, असं लेखवाले लिहितात. मला ते तेव्हाही ओढूनताणून वाटलं होतं, कारण सिम्युलेटर काही यानाला वायरनं जोडलेला नव्हता, त्यात आकडे माणसं भरत होती. पण रिपोर्टच्या पहिल्या चॅप्टरला बरं दिसतं म्हणून आम्हीपण टाकलं.

जोडलेलं असणं म्हणजे काय हे मला मात्र वेगळ्याच ठिकाणी कळलं. माझ्या आत्याला जुळी पोरं आहेत, आता सातवीत. लहानपणी एकाला ताप आला की दोन दिवसांत दुसऱ्याला यायचाच, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणणार, जुळ्याचं दुखणं! जशी काही दोघांच्या आत एखादी अदृश्य तार आहे. आत्याचे मिस्टर म्हणायचे, तार बिर काही नाही, दोघं एका ताटात जेवतात आणि एका पांघरुणात झोपतात म्हणून होतं. मामाच्या गावाला एकटाच गेला की त्याचा ताप इकडं येत नाही. मला डिजिटल ट्विनची याच्याइतकी सरळ व्याख्या अजून कुठल्या पेपरात सापडलेली नाही. ताट एक पाहिजे. नुसता चेहरा सारखा असून भागत नाही.

पेपरात हेच जरा पद्धतशीर सांगितलंय. २०१८ च्या एका पेपरात तीन पायऱ्या केल्यात, मॉडेल, शॅडो आणि ट्विन. खऱ्या मशीनशी काहीच आपोआप जोडलेलं नसेल, आकडे हातानं भरत असाल, तर ते मॉडेल. मशीनकडनं कॉम्प्युटरकडं डेटा आपोआप येतोय पण उलटं काही जात नाही, ती शॅडो, म्हणजे सावली. आणि दोन्हीकडनं आपोआप चाललंय, कॉम्प्युटरमधलं बदललं की मशीन बदलतं, तेव्हा ते ट्विन. मी हे वाचलं आणि आमच्या पीपीटीतल्या निळ्या फॅक्टरीकडं बघितलं. ती मॉडेलपण नव्हती. ते चित्र होतं.

ब्लेंडरवाल्यानं तीन रात्रीत टाकी बनवली, आणि बनवली म्हणजे काय बनवली, क्षाराचे पट्टेसुद्धा काढले त्यानं. पाण्यावर उजेड हलायचा. आता फक्त पीएलसीमधनं लेव्हलचा आकडा घ्यायचा आणि त्या पाण्याला द्यायचा. हे काम माझ्याकडं आलं, कारण दुसऱ्या कुणाला नको होतं.

पीएलसी बोलतो मॉडबस. ही भाषा १९७९ ची, म्हणजे माझ्या पप्पांच्या जवळपास वयाची, आणि अजून अर्धी एमआयडीसी तिच्यावर चालते. दोन वायरी, ए आणि बी. आमच्या लॅबच्या पॅनलमध्ये कुठली ए आणि कुठली बी हे कुणालाच माहीत नव्हतं, मॅन्युअलमध्ये एक होतं, वायरच्या स्लीव्हवर दुसरं. उलटी लावली तर काही जळत नाही, नुसती शांतता असते. दोन दिवस मी त्या शांततेसमोर बसून होतो, बॉड रेट बदलतोय, पॅरिटी बदलतोय, स्लेव्ह आयडी एकपासून तीसपर्यंत मोजतोय, आणि शेवटी वैतागून वायरी उलट्या केल्या तर तिसऱ्या सेकंदाला आकडे पडायला लागले. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या लॅबमधनं सर आले.

मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, लेव्हल ४००११ वर. मी ११ नंबरचं रजिस्टर, म्हणजे पीएलसीच्या मेमरीतला आकड्याचा कप्पा, वाचलं. पंप चालू केला. आकडा वाढायला लागला. स्क्रीनवर ब्लेंडरची टाकी भरायला लागली, इकडं खरी टाकी भरायला लागली, दोन्ही बरोबरीनं, पाण्यावर उजेड हलतोय. आम्ही व्हिडिओ काढला. स्टेटस ठेवलं. 'सिंटेक्स गँग' म्हणणाऱ्यांनी पण हार्ट पाठवले. पायथनवाल्यानं त्या आनंदात सगळ्यांना कटवडा दिला.

दोन दिवस आम्ही हवेत होतो. तिसऱ्या दिवशी रिपोर्टवालीनं सहज व्हॉल्व्ह उघडला. खरी टाकी उतरायला लागली. स्क्रीनवरची भरलेलीच. काही मिनिटांनी खरी टाकी रिकामी, आणि स्क्रीनवर पाणी काठोकाठ, उजेड मस्त हलतोय.

झालं असं होतं की मॉडबसमध्ये ४०००१ म्हणजे आतला पत्ता शून्य. तिथनं मोजायचं. म्हणजे ४००११ म्हणजे पत्ता १०, आणि मी वाचत होतो ११, शेजारचं घर. त्या शेजारच्या घरात काय होतं माहितीय? पंप किती सेकंद चालला त्याचा काउंटर. पंप चालू असला की तो वाढणारच! आणि टाकीपण वाढणारच! दोन्ही वाढतात म्हणून आम्हाला वाटलं दोन्ही एक आहेत. हा एकानं चुकलेला पत्ता म्हणे जगातल्या निम्म्या ऑटोमेशनवाल्यांनी कधी ना कधी खाल्लेला आहे, मॅडमनीपण खाल्लाय, त्यांनी स्वतः सांगितलं. पण मला पत्त्याच्या चुकीचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की दोन दिवस चौघांपैकी एकालाही टाकी रिकामी करून बघावी असं सुचलं नव्हतं. चांगलं दिसत होतं ना, मग कशाला हात लावा.

बरोबर पत्त्यावर गेलो तर तिथं शून्य. टाकी भरा, रिकामी करा, शून्य. आता इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, मला ती मनापासून आवडते. इंडस्ट्रीत सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असा पाठवतात. शून्यापासून का नाही? कारण टाकी रिकामी असेल तरी ४ मिलिअँपिअर येत राहतात, म्हणजे 'मी जिवंत आहे, टाकी रिकामी आहे'. आणि खरंच शून्य आलं तर त्याचा अर्थ वायर तुटली किंवा सेन्सर मेला. रिकामं असणं आणि मेलेलं असणं यातला फरक कळावा म्हणून खालचे चार राखून ठेवलेत. मल्टिमीटर लावला. शून्य. आमचा लेव्हल ट्रान्समीटर गेलेला होता, आणि कधी गेला हे कुणाला सांगता येईना, कारण गेली कित्येक वर्षं जर्नलमध्ये रीडिंग्ज आधीच्या बॅचच्या जर्नलमधनं येत होती.

नवा ट्रान्समीटर परवडणारा नव्हता. मग ऑनलाइन अल्ट्रासॉनिक सेन्सर मागवला, वॉटरप्रूफवाला, काही शे रुपयांत, आणि ईएसपी३२ नावाच्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला. आवाज खाली सोडायचा, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर काढायचं. टाकीच्या झाकणाला भोक पाडून बसवला. आणि यावेळी आम्ही शहाणे झालो होतो, टाकी भरून बघितली, उतरवून बघितली, पट्टी लावून मोजली, १० सेंटिमीटरला १०, २० ला २०, ३० ला ३०. मग धीर आला तसा दुसरा बाणपण जोडला, म्हणजे लॅपटॉपनं पीएलसीला सांगायचं, लेव्हल ५० झाली की पंप बंद कर. आता दोन्ही दिशांनी चाललंय. पेपरातली तिसरी पायरी. ट्विन!

सेट करून आम्ही चहाला गेलो. चूक आमचीच, चालू रिग सोडून कुणी जात नाही.

परत आलो तर लॅबचे मामा दारात उभे, पँट गुडघ्यापर्यंत वर. "आरं लेकानो, आंघोळीला ठेवलंय का पाणी?" टाकी वरनं वाहतीय, फरशीवर पाणी, शेजारच्या टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या वीतभर अलीकडं पाणी, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर एकदम शांत, निळं, स्थिर पाणी. लेव्हल ४०. टाकीला ओव्हरफ्लोची नळी होती, पण तिच्यात कधीचा तरी चिंधीचा बोळा कोंबलेला होता. पंप अर्थात चालूच होता, त्याला कुणी ५० झाले म्हणून सांगितलंच नव्हतं.

आई म्हणाली होती ना, भरली की वाहते.

त्या वॉटरप्रूफ सेन्सरला तोंडासमोरचे साधारण २० सेंटिमीटर दिसत नाहीत. आवाज सोडून तो लगेच ऐकायला लागू शकत नाही, त्याचं स्वतःचंच थरथरणं संपायला वेळ लागतो, तेवढ्यात जवळचा प्रतिध्वनी येऊन गेलेला असतो. टाकी ६० उंच, सेन्सर वर झाकणाला, म्हणजे ४० च्या वरचं पाणी त्याच्यासाठी नाहीच. ते ४० ला येऊन अडकतं. एरर येत नाही, लाल दिवा लागत नाही, तो आपला प्रामाणिकपणे ४० सांगत राहतो. आम्ही ३० पर्यंत पट्टी लावून मोजली होती आणि पुढचं धरून चाललो होतो. डेटाशीटमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं ते.

त्या रात्री हॉस्टेलवर झोप येईना म्हणून मी पुन्हा अपोलो १३ वाचत बसलो, यावेळी सिम्युलेटरच्या पुढचं, म्हणजे टाकी मुळात फुटली का ते. आणि उठूनच बसलो. उड्डाणाच्या काही आठवडे आधी जमिनीवर टेस्टिंग करताना ती ऑक्सिजनची टाकी नीट रिकामी होईना. म्हणून आतला हीटर चालू ठेवून ऑक्सिजन उकळवून बाहेर काढायचं ठरलं, आठेक तास. हीटर जास्त तापला तर बंद करणारे थर्मोस्टॅटचे स्विच २८ व्होल्टचे होते, त्यांना जमिनीवरच्या सप्लायमधनं ६५ व्होल्ट मिळत होते. ते चिकटून बसले, उघडलेच नाहीत. आतलं तापमान शेकडो अंशांवर गेलं, वायरींवरचं टेफ्लॉन जळून गेलं, आणि समोर बसलेल्या माणसाला मीटरवर दिसत होतं ८० फॅरनहाइट. कारण मीटरची पट्टीच ८० ला संपत होती. आपल्याकडच्या सत्तावीस अंशांएवढं. काटा शेवटच्या आकड्याला टेकलेला आणि बघणाऱ्याला वाटतंय, सगळं ठीक, स्थिर आहे.

सगळे लेख त्यातला सिम्युलेटर सांगतात. मला तो काटा जास्त जवळचा वाटला. आमचा ४० आणि त्यांचा ८०. (तुलना फार मोठी झाली हे मान्य आहे, आमच्याकडं फक्त फरशी पुसायला लागली. पण ती चौघांनी मिळून दोन तास पुसली.)

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. मामांनी चिंधी काढून ओव्हरफ्लोची नळी मोकळी केली आणि वर एक साधा फ्लोट स्विच बसवला, थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या वायरीत. म्हणजे पाणी वर आलं की लॅपटॉप काहीपण म्हणू दे, पीएलसी काहीपण म्हणू दे, पंप बंद. आणि मॅडमनी आमचा परतीचा बाण काढून घेतला. "आधी सहा आठवडे तुमची टाकी माझ्या टाकीबद्दल खरं बोलते हे दाखवा, मग तिला हुकूम सोडायची परवानगी." म्हणजे कागदोपत्री आम्ही ट्विनवरनं सावलीवर आलो. सिनॉप्सिसवर अजून ट्विनच लिहिलंय, नाव बदलायचं तर एचओडींची सही, को-ऑर्डिनेटरची सही आणि एक फॉर्म लागतो जो कुणाकडं असतो ते अजून कळलेलं नाही.

पण परतीचा बाण गेल्यावरच खरं काम सुरू झालं असं मला वाटतं. कारण आता एकच करायचं होतं, खरी टाकी काय करते आणि आमची काय म्हणते, दोन्ही शेजारी ठेवून फरक बघायचा.

पहिला प्रयोग भरायचा. पंपावर लिहिलंय तासाला ३६० लिटर, म्हणजे मिनिटाला ६. व्हॉल्व्ह बंद ठेवून ४० सेंटिमीटर भरायला ३६ लिटर लागतात, हिशोबानं सहा मिनिटं. स्क्रीनवरची टाकी बरोबर सहा मिनिटांत भरली. खरी टाकी सात मिनिटं चाळीस सेकंदांत. आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो. मामांनी ड्रममध्ये हात घालून पंपाची जाळी बाहेर काढली, तिला गुंडाळलेला केसांचा आणि दोऱ्यांचा एक गोळा होता. धुऊन परत लावली. सहा मिनिटं पन्नास. उरलेले पन्नास सेकंद कुठं गेले? तर पंपावरचा आकडा पाणी अजिबात उंच चढवायचं नसेल तेव्हाचा असतो. जेवढं उंच चढवाल तेवढं कमी येतं. दुकानात लिहिलेलं मायलेज आणि राजारामपुरीच्या ट्रॅफिकमधलं मायलेज, तसंच.

दुसरा प्रयोग रिकामी करायचा, आणि हा माझा लाडका. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये टोरिसेली होता, सतराव्या शतकातला, बुडाच्या भोकातनं पाणी किती वेगानं येतं ते वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. सहा मार्कांना यायचा. मी त्यात सहापैकी पाच मिळवले होते आणि आयुष्यात एकदाही भोकातनं पाणी पडताना बघितलं नव्हतं. म्हणजे बघितलं होतं की, श्रावणात महादेवावर अभिषेकपात्र टांगतात, भरलेलं असताना धार नीट पडते, पाणी कमी झालं की नुसती टिपटिप. पण ते आणि हे एकच, असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीपण विचारलं नव्हतं.

त्या वर्गमुळाची गंमत अशी की ४० सेंटिमीटरवरनं १० वर यायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढाच वेळ उरलेले १० रिकामे व्हायला लागतो. पाऊण टाकी अर्ध्या वेळात, उरलेली पाव टाकी उरलेल्या अर्ध्यात. मी हे ग्रुपमध्ये सांगितलं तर कुणाला पटेना. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. मॉडेल म्हणालं ४० ते १० ला तीन मिनिटं दहा सेकंद. खऱ्या टाकीला लागले तीन मिनिटं अडतीस. भोकाचा जो गुणांक (हिशोबातल्या पाण्यापैकी खरं किती बाहेर येतं तो आकडा) पुस्तकात ०.६ च्या आसपास दिलाय तो आमच्या व्हॉल्व्हला ०.५२ निघाला, क्षार बसलेत, एल्बो आहे, नळी आहे, सगळं त्या एका आकड्यात येऊन बसलं. तो बदलला आणि पुन्हा चालवलं, तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या, अगदी १० पर्यंत. त्याच्याखाली परत फाकायला लागल्या. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला पाण्यात भोवरा पडतो, हवा आत जाते, गुरगुर आवाज येतो आणि टोरिसेली सोडून जातो. तो गुरगुराट अजून आमच्या मॉडेलमध्ये नाही. ब्लेंडरवाला म्हणतोय भोवरा मी काढतो. मी म्हटलं काढ, पण सेकंद बदलायचे नाहीत.

शनिवारी घरी गेलो. पप्पा शिरोलीकडच्या एका फौंड्रीत फर्नेसवर आहेत, सेकंड शिफ्ट संपवून आले की रात्री उशिरा जेवतात. मी समोर बसून त्यांना फोनवर ग्राफ दाखवला. त्यांना ग्राफमध्ये काही इंटरेस्ट नव्हता, भाकरी मोडत ऐकत होते, पण रिकामी होताना शेवटी धार बारीक होते आणि पाव टाकीला निम्मा वेळ लागतो असं म्हटल्यावर हात थांबला.

"आमच्या वरच्या टाकीचं सांगता येईल का तुला?"

इंडक्शन फर्नेसची, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीची, कॉइल तांब्याची असते आणि पोकळ, तिच्यातनं सतत पाणी फिरवायला लागतं. आत लोखंडाचा रस, बाहेर वीतभर अस्तर आणि मग ही कॉइल. लाईट गेली की पंप बंद, पण आतला रस काही लाईटबरोबर गार होत नाही. म्हणून शेडच्या वर एक टाकी असते, लाईट गेली की तिचं पाणी आपोआप उतारानं कॉइलमधनं जायला लागतं, डिझेल जनरेटरवर पंप चालू होईपर्यंत. पप्पांनी सांगितलं, परवा वळवाच्या पावसात लाईट गेली, जनरेटर घेईना, आणि सगळे वर टाकीकडं बघत उभे. "साहेब म्हणतोय वीस मिनिटं पुरते. कुणी मोजलंय? बसवली तेव्हा कुणीतरी सांगितलं वीस. अठराव्या मिनिटाला जनरेटर लागला. धार बारीक झालेली डोळ्यांनी बघितली मी. मग धार बारीक झाल्यावर कॉइलला पुरतंय का? टाकीत पाणी होतं की अजून."

मी काहीच बोललो नाही. टाकी रिकामी व्हायला किती वेळ लागतो हा प्रश्न मी धरून बसलो होतो, आणि त्यांचा प्रश्न असा होता की टाकीत पाणी असतानाच ते कमी कधी पडायला लागतं. एवढे दिवस आमच्या प्रोजेक्टला हार्डवेअर होतं, सॉफ्टवेअर होतं, आर्किटेक्चरची डायग्राम होती, आणि प्रश्नच नव्हता. सिनॉप्सिसमध्ये 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' नावाचा रकाना असतो, त्यात आम्ही इंडस्ट्री ४.० वर अर्धं पान लिहिलंय.

"मापं लागतील," मी म्हटलं. "टाकीची लांबी-रुंदी, पाण्याची उंची, खालच्या पाइपाचा साइज, टाकी कॉइलच्या किती वर आहे."

"कंपनीचं काय देणार नाही हां मी, फोटो-बिटो."

"मापं फक्त, पप्पा. टेपनं."

"बघू," म्हणाले, आणि ताक मागितलं.

मंगळवारी फर्स्ट रिव्ह्यू झाला. बाहेरचे सर आले होते, त्यांनी विचारलं, दोन्हीकडनं कम्युनिकेशन आहे का? नाही. मग ट्विन कसं म्हणता? मी म्हटलं सर, सध्या सावली आहे, आणि ४० च्या वर दिसत नाही. मॅडम खाली बघून हसत होत्या. सरांनी पंचवीसपैकी सतरा दिले. रेडीमेडवाल्या ग्रुपला एकवीस मिळाले, त्यांचं सगळं चालत होतं.

त्याच रात्री दीड वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पप्पांचा व्हॉइस मेसेज आला, मागं कंप्रेसरचा आवाज, "पाइप दोन इंची हाय. लांबी-रुंदी मोजली, कागदावर लिहून ठेवलीय. उंची उद्या सांगतो, शिडी मेंटेनन्सवाल्यानं कुलपात घातलीय."